आग कुठून लागली? घरातल्या आगीचं कारण शोधायला शिकणाऱ्यांसाठी

तुम्ही पोहोचता तोवर कारण ठरलेलं असतं. जिन्यात उभे असलेले शेजारी सांगतात, "शॉर्ट सर्किट झालं." वॉचमनही तेच सांगतो. सकाळच्या पेपरात "शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज" अशी ओळ आलेली असते. घरमालकालाही ते बरं वाटतं, कारण त्यात कुणाकडे बोट जात नाही. या कामात नव्यानं येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगतो की हा शब्द वहीत जरूर लिहा, पण तो कुणी सांगितला त्याच्या नावापुढे लिहा. उत्तराची जागा कोरी ठेवा.

मी विजेच्या शाखेचा अभियंता. विम्याच्या दाव्यांसाठी जळालेली घरं पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. सर्व्हेअरच्या कार्यालयात नुकत्याच लागलेल्या, अग्निशमन दलात नव्यानं भरती झालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. सोसायटीच्या कमिटीवर आहात आणि आग लागून गेल्यावर नेमकं काय घडलं हे समजून घ्यायचंय, अशांनाही उपयोग होईल.

आधी कारण कशाला म्हणायचं ते पक्कं करू. त्याला तीन अंगं असतात: उष्णता कुठून आली, पहिल्यांदा काय पेटलं, आणि या दोघांची गाठ कशी पडली. "मच्छर कॉइल" हे कारण नव्हे. "पलंगाखालच्या पेटत्या कॉइलवर चादरीचा पदर टेकला आणि कापसाची गादी धुमसत राहिली" हे कारण. तिन्हीपैकी एक जरी हाताशी नसेल तरी शोध अपुरा आहे असं समजा.

आत पाय ठेवण्याआधी

जागा कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा. कुणी दगावलं असेल किंवा संशय असेल तर पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. एरवी घरमालकाची संमती घेऊन जायचं.

वीज तोडली आहे का, हे वीज कंपनीच्या माणसाला स्वतः विचारा. मेन स्विच खाली आहे एवढ्यावर विसंबू नका. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असूनही घरातल्या अर्ध्या वायरी जिवंत असू शकतात, आणि छतावर सोलर पॅनेल असतील तर ऊन आहे तोवर ती वीज देतच राहतात. सिलिंडर बाहेर काढलेत का ते पाहा. मग वर बघा. स्लॅबचा गिलावा सुटलेला असेल, सळ्या उघड्या पडल्या असतील किंवा काँक्रीटला गुलाबी छटा आली असेल, तर ते काँक्रीट बरंच तापलेलं आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय खाली उभं राहायचं नाही. कौलारू घरात वासे आणि आढं अर्धवट जळून लोंबत असतात, तिथे जास्तच जपायला हवं. जाड तळाचे बूट, हातमोजे, हेल्मेट, मास्क आणि चांगला टॉर्च. मास्क राखेपासून वाचवतो, वायूपासून नाही. म्हणून खिडक्या उघड्या आहेत याची खात्री करा.

माणसं

सगळ्यात आधी अग्निशमन दलाच्या जवानांना गाठा, कारण ड्युटी बदलली की ते भेटत नाहीत. वर्दी किती वाजता आली, पोहोचलात तेव्हा ज्वाळा कोणत्या खिडकीतून येत होत्या, दार तोडलं की उघडं होतं, आत काय हलवलं, काय खाली फेकलं? आग पुन्हा धुमसू नये म्हणून ते जळकं सामान बाहेर टाकतात, आणि ते त्यांचं कामच आहे. इमारतीखाली पडलेला तो ढीगही तुमच्या तपासाचाच भाग आहे. महापालिकेची गाडी तो उचलून नेण्याआधी पाहून घ्या.

घरच्यांशी बोलताना प्रश्न मोकळा ठेवा. "गॅस चालू राहिला होता का?" असं विचारलं की माणूस एक तर घाबरून नाही म्हणतो, नाही तर अपराधी वाटून हो म्हणतो. "तुम्ही कुठे होतात? पहिल्यांदा काय जाणवलं, वास, आवाज की धूर? दिवे चालू होते का? ते धूर दिसण्याआधी गेले की नंतर?" असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार कामाला येतं. धुराच्या रंगावर मात्र फारसं अवलंबून राहू नका. काळा धूर म्हणजे पेट्रोल हा समज चुकीचा आहे. फोमची गादी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्याही काळाकुट्ट धूर सोडतात.

समोरच्या इमारतीतून कुणीतरी व्हिडिओ काढलेला असतोच. तो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, त्यात चित्रणाच्या वेळेची नोंद गळून जाते. मूळ फाइलच घ्या. सीसीटीव्हीचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मागे-पुढे आहे ते त्याच वेळी टिपून ठेवा, आणि ते चित्रण आधी मागा, कारण बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवं चढतं. प्रकरण कोर्टात जाण्यासारखं असेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं.

फोटो

बाहेरून चारही बाजू. मग प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, न जळलेल्या खोल्यासुद्धा. मग जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. काहीही उचलण्याआधी फोटो, उचलल्यावर खालच्या जागेचा फोटो. घराचा कच्चा नकाशा हातानं काढा. घरच्यांना बसवून कोणती वस्तू कुठे होती ते त्यावर लिहून घ्या.

उगम शोधणं

नवा माणूस दारातून शिरतो आणि सरळ जिथे सगळ्यात जास्त जळलंय तिथे जातो. तसं करू नका. सगळ्यात कमी जळालेल्या भागातून सुरुवात करा आणि हळूहळू जास्त जळालेल्या भागाकडे या. काजळीची रेघ भिंतीवर कुठवर उतरली आहे, दाराची कोणती बाजू जास्त होरपळली आहे, कपाटाच्या कोणत्या अंगाचा रंग उडालाय, हे बघत बघत आग कुठून कुठे गेली ते उलट्या दिशेनं चालत जायचं. दार बंद होतं की उघडं, ते बिजागरी सांगते. पानं मिटल्यावर आत झाकली जाणारी बाजू स्वच्छ असेल तर आगीच्या वेळी दार बंद होतं.

आग वर आणि बाहेरच्या अंगाला पसरते, म्हणून भिंतीवर पुष्कळदा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार उमटतो आणि त्याचं टोक उगमाकडे बोट दाखवतं. पण हे दर वेळी खरं नसतं. पेटलेला पडदा खाली पडला की तिथेही खालून वर जाणारा तसाच आकार तयार होतो. खोलीत छताजवळचा धूर साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की जवळजवळ सगळं सामान एकदम पेटतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर सगळ्यात जास्त जळतं ते जिथे हवा मिळते तिथे, म्हणजे खिडकीशी आणि दाराशी. म्हणून सगळ्यात जास्त जळलेली जागा आणि उगमाची जागा एकच असेल असं धरून चालू नका.

स्वयंपाकघराचं फडताळ हा घरातला थर्मामीटर आहे. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पितळ साधारण ९०० च्या पुढे, तांबं १०८५ ला. स्टील १४०० च्या आसपासपर्यंत टिकतं. वरच्या फळीवरची अॅल्युमिनियमची पातेली ओघळलीत आणि खालच्या फळीवरची शाबूत आहेत, एवढ्यावरून उष्णता कुठल्या उंचीवर किती होती याचा अंदाज येतो.

जागा ठरली की मग खोदकाम. खुरपं, रंगाचा ब्रश आणि पिठाची चाळण. थराथरानं वरून खाली: आधी छतातून पडलेलं, मग माळ्यावरचं, मग कपाटातलं, शेवटी जमिनीला टेकलेलं. कोणत्या थरावर काय पडलंय यातून क्रम कळतो. फावड्यानं ढीग बाजूला सारलात तर तो क्रम गेला, आणि तो परत मिळत नाही.

एक घर सांगतो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात प्लायवुडचं देवघर, भिंतीला फळी ठोकून केलेलं. संध्याकाळी आजींनी समई लावली आणि त्या खाली मंदिरात गेल्या. तासाभरात कोपरा पेटला. माणसं वाचली, खोली गेली. समई कलंडली, असं सगळ्यांनी धरलं होतं, आजींनी तर सगळ्यात आधी. मी गेलो तेव्हा त्या दोन दिवस नीट जेवल्या नव्हत्या.

समई वाकलेली होती, पण फळीवरच होती. ती उचलली. तिच्या बैठकीखाली सनमायकाचा मूळचा पिवळसर रंग एका स्वच्छ वर्तुळात तसाच होता, आणि वर्तुळाबाहेर सगळं काळं. म्हणजे आजूबाजूची फळी तापली आणि काळवंडली तेव्हा समई आपल्या जागी उभी होती. एवढ्यानं समई सुटत नाही. तिच्या ज्योतीनं वरचं तोरण पेटलं असतं तर? तसं झालं असतं तर फळीची वरची बाजू जास्त जळली असती. फळी उलटी केली. खालची बाजू वरच्यापेक्षा कितीतरी खोल जळली होती, कोळसा खवल्याखवल्यांचा झाला होता आणि मागची कड खालून वर जळत गेलेली होती. आग फळीच्या खालून आली होती.

खाली रद्दीचा गठ्ठा होता आणि रद्दीवर एक्स्टेन्शन बोर्ड. त्यावर देवाच्या फोटोचं लाइटचं तोरण, मोबाइलचा चार्जर, आणि त्या संध्याकाळी इस्त्री. बोर्डाचं प्लॅस्टिक वितळून गोळा झालं होतं, पण इस्त्रीची पिन त्यात सापडली. तिचा एक दांडा नवाकोरा असावा तसा, दुसऱ्याला खड्डे पडलेले, आणि त्याच्या समोरची सॉकेटची पितळी पट्टी अर्धी खाल्ल्यासारखी. तिथे पकड ढिली झाली होती. सातवीत शिकणाऱ्या नातवानं सांगितलं की तो खटका गेले काही दिवस चरचर आवाज करायचा.

वीज: "शॉर्ट" झालं म्हणजे काय झालं

त्या घरातला एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की वीज आपोआप तोडणारा खटका, पडलेला होता. तेवढं पाहून कुणीही शॉर्ट सर्किट लिहिलं असतं. शॉर्ट झालंही होतं, पण आगीनं वायरचं आवरण जाळल्यावर. ते आगीचा परिणाम होतं.

खरं शॉर्ट सर्किट झालं, म्हणजे दोन उघड्या तारा थेट एकमेकींना भिडल्या, की करंट प्रचंड वाढतो आणि एमसीबी चांगला असेल तर क्षणात पडतो. ढिल्या जोडाचं तसं नाही. गीझरसाठी १० अँपिअर करंट जातोय आणि जोड ढिला होऊन तिथला रोध अर्धा ओहम झाला, असं धरा. व्होल्टेज फक्त ५ नं कमी होईल, घरात कुणाला कळणारही नाही. पण त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत ५० वॉट उष्णता तयार होत राहील. दुकानात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. करंट वाढलेला नसल्यामुळे एमसीबी पडत नाही, आणि गळती नसल्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा खटका, तोही पडत नाही. म्हणून सॉकेट, होल्डर, स्विचचे स्क्रू, मीटरजवळचे जोड हे सगळं हातात घेऊन पाहा. एकाच टोकाला खड्डे आणि बाकी ठीक, ही ढिल्या जोडाची खूण आहे.

वायरच्या टोकाला कधीकधी तांब्याचा गोल, गुळगुळीत मणी सापडतो आणि मण्याला लागूनच वायर जशीच्या तशी असते. ही ठिणगीची खूण. नुसत्या आगीच्या उष्णतेनं वितळलेली वायर वेगळी दिसते: लांबवर कुठे जाड, कुठे बारीक, ओघळ आलेली. मण्यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या क्षणी त्या वायरमध्ये वीज होती. आग तिनं लावली की आगीनं तिचं आवरण जाळून तिला उघडं पाडलं, हे मणी सांगत नाही. मणी दाखवून "शॉर्ट सर्किट सिद्ध" असं लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो, कारण त्यांच्यामुळे खरी चूक तशीच राहते आणि पुढच्या घरात पुन्हा होते.

फ्रिज, एसी, टीव्ही जागेवर उघडू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि अख्खी वस्तू गुंडाळून ठेवा. प्रयोगशाळेत आधी एक्स-रे काढता येतो. ई-स्कूटरची बॅटरी संशयित असेल तर तिचे सुटे सेल मोजा. लिथियमचे सेल एकामागोमाग तापत फुटतात आणि दूरवर उडतात, म्हणून सोफ्याखाली आणि गॅलरीतही शोधा. चार्जर कोणता होता आणि तो प्लगमध्ये होता का, ते टिपा.

गॅस

"सिलिंडरचा स्फोट" हे दुसरं तयार उत्तर. आत जाऊन पाहिलं तर पुष्कळदा सिलिंडर अखंड असतो. फुटलेली असते खोली, कारण गळलेला गॅस हवेत मिसळून पेटलेला असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साठतो, ओट्याखाली, मोरीत. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते साडेनऊ टक्क्यांमध्ये असेल तरच तो पेट घेतो. फ्रिजच्या खटक्याची ठिणगीही पुरते. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, वर चढतो. घरात कोणता गॅस होता हे ठरवल्याशिवाय खुणा वाचू नका.

शेगडीचा प्रत्येक नॉब कोणत्या स्थितीत आहे, रेग्युलेटर चालू की बंद, नळी कुठे चिरली आहे, नळीवर छापलेलं वर्ष कोणतं, हे हात न लावता टिपा. सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते. सिलिंडरच्या कड्यावर तपासणीची मुदत असते: ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढे वर्ष. सिलिंडर खरंच फुटला असेल तर फाटलेल्या पत्र्याची कड हातमोजे घालून तपासा. ती पातळ होत गेलेली असेल आणि पत्रा पाकळीसारखा उलगडला असेल, तर बाहेरच्या आगीनं तो तापून फुटलाय. म्हणजे आग आधी, स्फोट नंतर.

कुणी जळालं असेल तेव्हा

"स्टोव्हचा भडका उडाला." हे वाक्य महाराष्ट्रात किती बायकांच्या मृत्यूवर लिहिलं गेलं, हे या कामात येणाऱ्यानं मनात ठेवायला हवं. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायद्यानं चौकशी वेगळी आणि कडक असते. तिथे तुमचं काम वस्तू नीट पाहणं. स्टोव्हची टाकी खरंच फाटली आहे का? सांधा उघडलाय का? टाकीत रॉकेल किती आहे? स्टोव्हच्या मागची भिंत काळी आहे की स्वच्छ? टाकी अखंड, भिंत स्वच्छ आणि जळल्याच्या खुणा दुसऱ्याच खोलीत असतील तर ते जसंच्या तसं लिहा, कुणी कितीही विनवलं तरी. उलट बाजूनंही घाई नको. मृतदेहाच्या मुठी आवळलेल्या आणि हात कोपरात वाकलेले दिसले म्हणजे झटापट झाली असं नव्हे, उष्णतेनं स्नायू आखडून तसं होतं. श्वासनलिकेत काजळी होती का, रक्तात कार्बन मोनॉक्साइड होता का, हे शवविच्छेदनात कळतं.

रॉकेल-पेट्रोलचा संशय असेल तर नमुने नव्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा पत्र्याच्या स्वच्छ डब्यात घ्या. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाफ निघून जाते. फरशीचे सांधे, स्कर्टिंगची फट, कपाटाच्या पायाखालची जागा इथे द्रव टिकून राहतो. बरणी काठोकाठ भरू नका. त्याच प्रकारच्या न जळलेल्या चटईचा किंवा लाकडाचा एक तुकडा तुलनेसाठी वेगळा द्या, कारण काही रंग आणि गोंद यांतूनही तसलेच वायू निघतात. पंचांच्या सह्यांनिशी सीलबंद झालेले नमुने पोलिसांमार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे.

"दुसरं काही सापडलं नाही म्हणून"

अमेरिकेत टेक्सासमधल्या कॉर्सिकाना गावी २३ डिसेंबर १९९१ ला एका घराला आग लागली आणि तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरचे डबक्यासारखे डाग आणि तडे गेलेल्या काचा पाहून तपासनिसांनी ठरवलं की बापानंच ज्वालाग्राही द्रव ओतून घर पेटवलं. कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम या त्या बापाला १७ फेब्रुवारी २००४ ला मृत्युदंड दिला गेला. फ्लॅशओव्हरनंतर तसे डाग कोणताही द्रव न ओतता पडतात, आणि काचेला तसे बारीक तडे तापलेल्या काचेवर पाणी पडल्यानं जातात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. टेक्सासच्या न्यायसहायक विज्ञान आयोगासाठी २००९ साली झालेल्या अहवालातही आग लावली गेली या निष्कर्षाला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं.

अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या, आगीच्या तपासासाठीच्या ‘९२१’ या मार्गदर्शिकेनं २०११ च्या आवृत्तीत स्पष्ट केलं की बाकीची कारणं बाद झाली म्हणून उरलेलं कारण पुराव्याविना खरं मानणं अशास्त्रीय आहे. आपल्याकडेही हाच नियम पाळा. प्रत्येक शक्यता लिहा आणि तिच्यापुढे लिहा, "हे खरं असेल तर मला काय दिसायला हवं?" मग ते दिसतंय का ते पाहा. समईच्या बाबतीत फळीची वरची बाजू जास्त जळलेली दिसायला हवी होती, ती दिसली नाही.

अहवाल

पाहिलेलं एका भागात, त्यावरून काढलेलं दुसऱ्या भागात. दोन्हीची सरमिसळ नको. आग अपघाती, नैसर्गिक, हेतुपुरस्सर की अनिश्चित, ते शेवटी. "अनिश्चित" लिहायला घाबरू नका. वरिष्ठ रागावतील, विमा कंपनी पुन्हा विचारेल, तरी पुराव्यानं जेवढं दाखवलं तेवढंच लिहायचं. वीज कंपनी, गॅस एजन्सी, यंत्र बनवणारा, यांपैकी कुणावर जबाबदारी येण्यासारखी असेल तर वस्तू तपासायला उघडण्याआधी त्यांना कळवून बोलावून घ्या.

निघण्याआधी घरच्यांना स्पष्ट तारीख सांगा, की या दिवसानंतर घर धुवायला हरकत नाही. लोक जळक्या वासात आठवडे काढतात, कारण हात लावू नका असं सांगणारा माणूस हात लावा असं सांगायला परत येत नाही.

देवघरवाल्या घरी मी ती तारीख सांगायला गेलो तेव्हा फळी सोबत नेली. आजींना खिडकीशी उजेडात बसवलं आणि ते पिवळसर वर्तुळ दाखवलं. फळी उलटी करून खालचा कोळसाही दाखवला. त्यांनी समई मागितली, वाकलेली बैठक त्या वर्तुळावर टेकवून पाहिली. ती बरोबर बसली. मग त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि स्वतःसाठीही अर्धा कप.